मोरघार: पाय आधी पाहावेत, तुरा नंतर

ऐनसादडा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागझिऱ्याला गेलो असताना सकाळी साडेसातच्या सुमारास, रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, ऐनाच्या एका वाळक्या फांदीवर एक मोठा तपकिरी पक्षी ताठ बसलेला दिसला. डोक्यावर तुरा होता. तुरा दिसताच गाडीतल्या तिघांनी एकदमच ‘सर्पगरुड’ म्हटले, वहीत तशी नोंदही झाली आणि गाडी पुढे निघाली. परतताना दहा वाजत आले होते, तरी तो पक्षी त्याच फांदीवर, त्याच बाजूला तोंड करून बसलेला होता. या वेळी गाडी थांबवून दुर्बिणीतून त्याचे पाय पाहिले, तर ते थेट बोटांच्या मुळापर्यंत पिसांनी झाकलेले होते, जणू तंग सुरवार घातली आहे. वहीतली नोंद खोडून तिथे ‘मोरघार’ असे लिहिले. हा धागा त्या खाडाखोडीतून निघाला आहे.

ही चूक पुष्कळांकडून होते, कारण मोठा शिकारी पक्षी दिसला की आपली नजर आधी डोक्याकडे जाते. तुरा सर्पगरुडालाही असतो आणि मोरघारीलाही. पण सर्पगरुडाचा तुरा म्हणजे मानेमागचा दाट, काळा-पांढरा झुपका. पक्षी शांत असेल तेव्हा तो चपटा बसतो आणि डोके नुसते मोठे, जड वाटते, आणि पक्षी बिथरला की तोच झुपका पंख्यासारखा फुलतो. मोरघारीचा तुरा मोजक्या लांब पिसांचा, सुमारे १० सेंटिमीटरांचा असतो. तो फेट्याच्या तुऱ्यासारखा डोक्यामागे उभा राहतो आणि वाऱ्यावर हलतो. सर्पगरुडाच्या डोळा आणि चोच यांच्या मधली कातडी उघडी आणि पिवळीधमक असते, मोरघारीच्या चेहऱ्यावर ती नसते. सर्पगरुडाच्या पोटावर पांढरे ठिपके असतात, तर मोरघारीच्या पांढरट छातीवर तपकिरी रंगाचे उभे फराटे असतात आणि गळ्याच्या मधोमध एक काळी रेघ उतरते.

एवढ्या खुणा पुरेशा वाटतील, पण जंगलात पक्षी आपल्याकडे छाती करून, उजेडात बसेल याची खात्री कोण देणार? शिवाय पिल्लांचा घोळ आहेच. दोन्ही जातींची पिल्ले डोक्याने पांढरट असतात. सर्पगरुडाच्या पिल्लाच्या डोळ्यामागे बहुधा गडद पट्टा दिसतो आणि मोरघारीच्या पिल्लाचे डोके स्वच्छ पांढरट असते, हा फरक मला माहीत आहे, तरीही सावलीत बसलेल्या पिल्लाबाबत मी स्वतः दोनदा फसलो आहे. मोरघारीला प्रौढ पिसारा यायला तीन-चार वर्षे लागतात, त्यामुळे पांढरट डोक्याची मोरघार ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की पाय आधी पाहावेत. पाय पिवळे आणि उघडे असतील तर सर्पगरुड, आणि पिसांनी झाकलेले असतील तर पुढचा विचार करावा.

पायांतला हा फरक वरवरचा नाही. बोटांपर्यंत पिसे असलेल्या गरुडांची एक वेगळी शाखा आहे आणि मोरघार त्या शाखेतली आहे. सर्पगरुड साप खाणाऱ्या गरुडांच्या शाखेतला आहे. त्याच्या पायांवर कठीण खवले असतात, बोटे आखूड आणि जाड असतात, आणि वळवळणारा निसरडा साप घट्ट धरायला तशी बोटे उपयोगी पडतात. मोरघारीचा पंजा त्या मानाने मोठा, मागच्या बोटाची नखी लांब आणि बाकदार. हा पंजा ससा, रानकोंबडी, तितर यांच्यासाठी आहे. साप तीही खाते, पण तिचा सगळा संसार सापांवर चालत नाही.

मोरघार साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांब, म्हणजे गावातल्या घारीपेक्षा थोडी मोठी आणि अंगाने भरीव असते. वजन दीड किलोच्या आगेमागे. मादी नरापेक्षा मोठी. पंख रुंद, टोकाशी गोलसर आणि शरीराच्या मानाने आखूड, शेपूट मात्र लांब. झाडांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या पक्ष्याची ही ठेवण आहे. शिक्ऱ्याची ठेवण अशीच असते, फक्त आकार लहान. मोरघार उडते तेव्हा पाच-सहा वेळा पंख भराभर मारते आणि मग तरंगत जाते. आकाशात घिरट्या घालताना ती पंख बहुतेक आडवे सपाट धरते, आणि तिथेही सर्पगरुडापासून वेगळी ओळखता येते, कारण त्याचे पंख घिरट्यांत किंचित वर उचललेले असतात आणि पंखांच्या मागच्या कडेशी पांढरा रुंद पट्टा लखलखतो.

तरीही मोरघार आकाशात शोधायची गोष्ट नाही. तिचे खरे काम बसणे हे आहे. जंगलातल्या मोकळ्या जागेच्या, पाणवठ्याच्या किंवा कच्च्या रस्त्याच्या कडेला मध्यम उंचीची फांदी धरून ती तासन् तास बसते. अंग ताठ, मान किंचित पुढे, नजर जमिनीवर. आपल्याला वाटते तिला झोप लागली आहे. मध्येच मान इंचभर वळते आणि पुन्हा स्थिर होते. भक्ष्य उघड्यावर आले, की पंखांचा फारसा आवाज न करता ती फांदीवरून खाली घसरते, पंख अर्धे मिटून सरळ तिरकस झेप घेते आणि जमिनीवरच भक्ष्य दाबते. तिच्या आहारात ससे, खारी, रानकोंबड्या, तितर, मोरांची पिल्ले, सरडे, लहान घोरपडी, साप, उंदीर असे जे मिळेल ते असते. पूर्ण वाढलेला ससा तिच्याच वजनाचा किंवा त्याहून भारी असू शकतो. तो उचलून नेणे तिला जमत नाही, म्हणून ती तिथेच जमिनीवर बसून खाते. अशा वेळी ती रस्त्यावर दिसली तर गाडी लांबच थांबवावी. एकदा उडाली की ती शिकार बहुधा कोल्ह्याच्या किंवा मुंगसाच्या वाट्याला जाते.

नावाबद्दल एक शब्द. ही घार नव्हे. घारीचे शेपूट दुभंगलेले असते आणि तिचे पाय उघडे असतात. मोरासारखा तुरा म्हणून मोरघार हे नाव पडले आणि ते इतके रुळले आहे, की ‘तुरेवाला गरुड’ वगैरे नवी नावे काढण्यात मला अर्थ वाटत नाही. हिंदीत तिला शाहबाज म्हणतात.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात आणि आपापल्या भागातल्या नोंदी द्याव्यात.

तांबट

लेख आवडला. ‘एकदा उडाली की शिकार गेली’ हे वाचून मागच्या वर्षी ताडोब्यात आमच्या गाडीने केलेली घाई आठवली आणि वाईट वाटले.

माझा प्रश्न आवाजाबद्दल आहे. आमच्या गाईडने एका किंकाळीवरून मोरघार ओळखली आणि पक्षी दिसण्याआधीच नाव सांगितले. मला ती किंकाळी सर्पगरुडाचीच वाटली होती. कानाने हा फरक कसा करावा?

ऐनसादडा

तांबट, दोघांचेही आवाज तीक्ष्ण आणि शिट्टीसारखे असल्यामुळे गोंधळ होतो, पण चाल वेगळी आहे. सर्पगरुड बहुधा दोन-तीन सुटे, लांब सूर काढतो आणि शेवटचा सूर ओढतो. सकाळी नऊ-दहानंतर ऊन तापले की तो आकाशात घिरट्या घालत ओरडतो, त्यामुळे आवाज वरून, लांबून येतो. मोरघारीचा आवाज ‘की-की-की-की-की’ असा आखूड सुरांनी सुरू होतो, सूर एकामागून एक चढत जातात आणि शेवटी ‘कीऽऽ’ अशी लांब किंकाळी होते. एखाद्याने जिन्याच्या पायऱ्या भराभर चढाव्यात आणि वर पोचल्यावर हाक मारावी, तसे ते ऐकू येते. बसल्या फांदीवरूनही ती ओरडते, विशेषतः हिवाळ्यात जोडी जमते तेव्हा. आवाज झाडांच्या आतून, डोक्याच्या पातळीच्या थोडा वर आला, तर मी आधी मोरघारीचा विचार करतो.

कोतवाल मात्र मध्ये ध्यानात ठेवावा. तो शिकारी पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतो. भृंगराज कोतवालाने मला एकदा चांगली पंधरा मिनिटे झाडाखाली उभे केले होते.

किंजळ

आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. घरामागच्या डोंगरावर जंगलाच्या माथ्यावरून सावकाश फिरणारा एक काळाकुट्ट मोठा पक्षी मी लहानपणापासून पाहतो. पाय पिवळे आहेत. मोरघारीत काळ्या रंगाचे पक्षीही असतात, असे मी वाचले आहे. तेव्हा आमची मोरघार ही काळी मोरघार मानावी का? आपल्या लेखात काळ्या रंगाचा उल्लेखच नाही, म्हणून विचारतो.

ऐनसादडा

किंजळ, आपण वाचले ते खरे आहे, पण ते आपल्याकडे लागू पडत नाही. मोरघारीचा प्रदेश भारत आणि श्रीलंकेपासून आग्नेय आशियातून फिलिपाईन्सपर्यंत पसरलेला आहे आणि या पट्ट्यात तिची रूपे इतकी बदलतात, की इंग्रजीत तिला ‘बदलता’ गरुड असेच नाव मिळाले. द्वीपकल्पी भारतात आणि श्रीलंकेत ती लांब तुऱ्याची आणि फिक्या छातीची असते. हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडे गेले, की तुरा नाहीसा होतो किंवा नावापुरता उरतो, आणि तिथे फिक्या रंगाच्या पक्ष्यांबरोबर संपूर्ण काळपट तपकिरी पक्षीही जन्मतात. ते काळपट रूप तुऱ्याच्या मोरघारींमध्ये नसते. म्हणजे एकाच जातीत उत्तरेला बिनतुऱ्याची आणि कधी काळी, दक्षिणेला तुऱ्याची आणि नेहमी फिकी, अशी विभागणी आहे. काही अभ्यासक या दोन गटांना दोन स्वतंत्र जाती मानतात. अंदमानातली रूपे आणखी वेगळी आहेत, आणि इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा गरुड, जो पूर्वी हिचीच उपजात समजला जात असे, तो आता वेगळी आणि अतिसंकटग्रस्त जात मानला जातो.

तुमच्या डोंगरावरचा पक्षी माझ्या मते काळा गरुड आहे. त्याची तीन लक्षणे पाहा. तो झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, अगदी मंद गतीने उडतो, इतका मंद की खाली पडेल असे वाटावे. पंख वर उचललेले असतात आणि पंखांच्या टोकांची पिसे बोटांसारखी सुटी पसरलेली असतात. तिसरे म्हणजे तो बसलेला क्वचितच दिसतो, आणि इथेच त्याचा स्वभाव मोरघारीच्या अगदी उलट आहे. तो झाडांच्या शेंड्यांतली घरटी हुडकत फिरतो आणि अंडी व पिल्ले पळवतो; कधी कधी घरटेच पंजात उचलून नेतो आणि उडता उडता त्यातले खातो. त्याच्या पायाच्या नख्या लांब आणि कमी बाकदार असतात, त्या या कामासाठी सोयीच्या आहेत. पायांवर पिसे त्यालाही असतात. तुम्हाला पिवळे दिसले ते फक्त त्याचे पंजे असतील.

माळरान

एक शास्त्रीय शंका. माझ्याकडच्या जुन्या पक्षी-मार्गदर्शिकेत मोरघारीचे शास्त्रीय नाव ‘स्पायझेटस सिऱ्हॅटस’ असे आहे आणि नव्या याद्यांत ‘निसेटस सिऱ्हॅटस’. यांतले खरे कोणते?

ऐनसादडा

नवे. गमेलिन या जर्मन अभ्यासकाने १७८८ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले तेव्हा त्याने तो ससाण्यांच्या प्रजातीत टाकला होता. त्या काळी बहुतेक शिकारी पक्षी तिथेच जात. ‘सिऱ्हॅटस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ झुलपे असलेला, म्हणजे नाव देणाऱ्याची नजरही डोक्याकडेच गेली होती. पुढे आशियातले आणि दक्षिण अमेरिकेतले तुऱ्याचे जंगली गरुड एकसारखे दिसतात म्हणून ‘स्पायझेटस’ या एकाच प्रजातीत ठेवले गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात डीएनएच्या तुलनेतून असे दिसले, की आशियातले गरुड आणि अमेरिकेतले गरुड एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. जंगलात राहण्यामुळे दोघांना सारखी शरीरे आली. मग ‘स्पायझेटस’ हे नाव अमेरिकेतल्या गरुडांकडे राहिले आणि आशियातल्यांना हॉजसनने १८३६ मध्ये दिलेले ‘निसेटस’ हे नाव परत मिळाले. हा हॉजसन नेपाळमध्ये ब्रिटिश रेसिडेंट होता आणि हिमालयातल्या पक्ष्यांवर त्याने अफाट काम केले आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना: पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत मोरघारीची एक जवळची बहीण राहते, लेगचा गरुड. तीही तुऱ्याची, तिचेही पाय पिसांनी झाकलेले. तिथे पाय पाहून भागणार नाही. तिच्या छातीपोटावर उभ्या फराट्यांऐवजी फिक्या तपकिरी आडव्या पट्ट्या ठळक असतात, त्या पाहाव्या लागतील.

बिब्बा

मी गोंदिया जिल्ह्यातला. जंगलाला लागून आमची धानाची शेती आहे. शेताच्या कडेच्या नाल्यावर एक जुना बेहडा होता आणि त्यावर मोरघारीचे घरटे होते. एक संपूर्ण हंगाम मी ते शेतातूनच पाहिले, त्याची हकिकत देतो. गावाचे नाव देत नाही, त्याचे कारण जाणकारांना कळेल.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जोडी काटक्या आणताना दिसली. घरटे नवे नव्हते. आदल्या वर्षीच्याच ढिगावर थर चढत होते. खालून पाहता ते मीटरभर रुंद होते आणि पन्नासेक फुटांवर, मुख्य खोड जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे, पक्के बसवलेले होते. मकर संक्रांतीच्या आसपास मादी बसली ती उठेचना. मी झाडावर चढलो नाही, त्यामुळे अंडे पाहिलेले नाही. ही जात एकच अंडे घालते असे मात्र नंतर वाचले. नर सकाळी एकदा आणि कधी दुपारनंतर एकदा शिकार घेऊन यायचा. तो लांबूनच ओरडायचा, मादी उत्तर द्यायची आणि घरट्यावर न उतरता शेजारच्या फांदीवर शिकार द्यायचा. फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे सुमारे चाळीस दिवसांनी, मादी शिकारीचे बारीक तुकडे तोडून खाली वाकून भरवताना दिसली, तेव्हा पिल्लू बाहेर आल्याचे समजले.

मला सर्वांत जास्त नवल वाटले ते हिरव्या पानांचे. तो मार्च महिना होता. बेहड्याची पाने केव्हाच गळून गेली होती, ऐन, मोह, धावडा सगळे उघडे. अशा दिवसांत मादी नाल्यातल्या जांभळाच्या ताज्या डहाळ्या चोचीने तोडून आणायची आणि घरट्यात अंथरायची. दोन-तीन दिवसांनी त्या वाळल्या की पुन्हा नव्या. उघड्या करड्या झाडावर तेवढीच हिरवी कड लांबून दिसायची, आणि आदल्या वर्षी मला घरटे पहिल्यांदा अशा हिरव्या कडेमुळेच सापडले होते. दुपारी बारा ते तीन या वेळात मादी घरट्याच्या काठावर उभी राहून पंख अर्धे उघडे धरायची आणि तिची सावली पिल्लावर पडायची. सूर्य सरकला की तीही सरकायची.

शिकारीत खारी जास्त दिसल्या. सरडे बरेच. एकदा तितर, एकदा घोरपडीचे पिल्लू, त्याचे शेपूट घरट्याबाहेर दिवसभर लोंबत होते. एप्रिलच्या शेवटी पिल्लू फांदीवर आले आणि मे महिन्यात उडू लागले, पण पाऊस पडेपर्यंत ते त्या नाल्यावरच होते आणि सकाळ झाली की खाऊसाठी जो आरडाओरडा करायचे, त्याने आमच्या शेतावरच्या गड्याची झोपमोड व्हायची.

तांबट

बिब्बा, ही हकिकत वाचताना मी जागचा हललो नाही. आमच्यासारखे लोक चार दिवस जंगलात जाऊन नोंदी करतात आणि तुम्ही शेतात काम करता करता पाच महिन्यांची नोंद केलीत.

पण मला एक कळत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात, झाडाला पान नसताना, उन्हात पिल्लू वाढवण्याचा हंगाम हा पक्षी का निवडतो? पावसाळ्यानंतर लगेच सुरुवात केली असती तर सावलीही मिळाली असती.

ऐनसादडा

यावर माझे मत देतो. मोरघार बसून, वरून जमिनीवर पाहून शिकार करते. पावसाळ्यानंतर आपल्या जंगलात कमरेइतके गवत असते आणि डोक्यावर पानांचे छत. फांदीवरून जमीन दिसतच नाही. पानगळ सुरू झाली, गवत वाळून आडवे पडले, की तीच फांदी उपयोगाची होते. उन्हाळा वाढतो तसे पाणी आटते आणि सगळे प्राणी ठराविक पाणवठ्यांवर गोळा होतात. सरडेही उन्हाला बाहेर येतात. पिल्लाची भूक सर्वांत मोठी असते तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, शिकार सर्वांत उघडी असते. उन्हाचा त्रास मादी पंखांच्या सावलीने भागवते, आणि पाऊस येण्याआधी पिल्लू उडते झालेले असते. भारतात या पक्ष्याचा विणीचा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल हा आहे, तो या हिशेबात बसतो. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात पानगळीचा मुद्दा तितका लागू पडणार नाही हे मान्य आहे, पण तिथेही ती घनदाट जंगलाच्या आतल्यापेक्षा कडांवर, मळ्यांच्या आणि मोकळ्या जागांच्या आसपासच जास्त दिसते.

सातभाई

सगळे कौतुक वाचले. आता दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे मोरघारीला कोणी शाहबाज म्हणत नाही, कोंबडीचोर म्हणतात. माझ्या मावशीच्या परसातून एका आठवड्यात दोन तलंगा गेल्या. पक्षी संरक्षित आहे हे ठीक, पण कोंबडी पाळणाऱ्याने काय करावे?

आणि दुसरी तक्रार छायाचित्रे काढणाऱ्यांची. आमच्या भागातल्या एका घरट्याचा पत्ता कोणीतरी फोनवरच्या गटात टाकला. आठ दिवसांत तिथे लोकांची रांग लागली, आणि एका मंडळीने तर पिल्लू नीट दिसावे म्हणून मधली फांदी तोडली. ती फांदी दुपारची सावली होती. पुढे त्या पिल्लाचे काय झाले ते मला ठाऊक नाही, कारण मी तिकडे जाणेच बंद केले.

ऐनसादडा

सातभाई, आपली पहिली तक्रार रास्त आहे. मोरघार कोंबड्या नेते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सगळा दोष तिच्यावर घालण्याआधी एकदा पाहून घ्यावे, कारण लहान पिल्ले नेण्यात शिक्रा पुढे असतो आणि रात्री गेलेली कोंबडी तर मोरघारीने नेलेलीच नसते. मोरघार उघड्यावर वावरणारे भक्ष्य पाहून झेप घेते. परसात तुरीच्या काड्यांचा मांडव किंवा करवंदीची दाट जाळी असेल तर कोंबड्या त्याखाली शिरतात आणि पक्ष्याला झेपेची वाट मिळत नाही. पिल्ले लहान असेपर्यंत डालग्याखाली ठेवणे हा जुना उपाय आजही चालतो. मावशींना सांगावे, की परसासमोरच्या वाळक्या झाडावर तो पक्षी रोज एकाच फांदीवर बसत असेल तर कोंबड्या सोडण्याची जागाच बदलावी. ती फांदी त्याची दुकानाची गादी आहे.

दुसऱ्या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त सहमती आहे. ज्या पक्ष्याच्या घरट्यात एकच अंडे असते, त्याचे ते एक पिल्लू गेले की त्या जोडीचे पूर्ण वर्ष गेले. तितराचे तसे नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घरट्याला धक्का लावणे हा गुन्हा आहेच, आणि बिब्बा यांनी गावाचे नाव का दिले नाही ते यातून स्पष्ट होते. या धाग्यावरही कोणी घरट्याची जागा लिहू नये, अशी विनंती करतो.

किंजळ

आपण सांगितलेली लक्षणे घेऊन दोन रविवार डोंगराखाली बसलो. पक्षी काळा गरुडच आहे. मंद उडणे, वर उचललेले पंख, टोकांची सुटी बोटे, सगळे जुळले. चाळीस वर्षे त्याला नुसते ‘काळी घार’ म्हणत आलो. तो आमच्या आंब्याच्या शेंड्यावरून गेला तेव्हा आतले बुलबुल, सातभाई एकदम गप्प झाले, आणि तो पुढे सरकल्यावर गलका उठला.

बिब्बा यांच्या बेहड्यावरून आठवले. आमच्याकडे तसली जुनी झाडे म्हणजे रायवळ आंबे. खोडाला दोघांनी कवेत घ्यावे असे. खासगी जंगल ठराविक वर्षांनी सरसकट तोडले जाते, आणि आंबे फळीसाठी व्यापाऱ्याला जातात. मोठी झाडे उरली आहेत ती देवराईत. मीटरभर रुंदीचे घरटे पेलणारी फांदी वीस वर्षांच्या झाडाला कुठून येणार?

बिब्बा

किंजळ यांच्या प्रश्नाला माझ्याकडची पुढची गोष्ट जोडतो. आमचा बेहडा तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात वादळाने पडला. पिल्लू तोवर उडालेले होते. पुढच्या डिसेंबरात जोडी आली, पडलेल्या खोडावर एक-दोन दिवस बसली आणि निघून गेली. त्या वर्षी घरटे दिसले नाही. गेल्या वर्षी नाल्याच्या वरच्या अंगाला, शेतापासून अर्ध्या किलोमीटरवर, एका जुन्या अर्जुनावर काटक्यांचा ढीग दिसू लागला. तीच जोडी असेल असे मी म्हणत नाही. पक्ष्याच्या अंगावर नाव लिहिलेले नसते.

काल सकाळी तिकडे गेलो होतो. घरट्याच्या काठावर काहीतरी हिरवे होते, आणि शेजारच्या फांदीवर, पानांच्या आड, एक मोठा पक्षी पाठमोरा बसला होता. तुरा दिसला. पाऊण तास थांबलो, पण तो वळला नाही आणि पाय काही दिसले नाहीत. त्यामुळे वहीत ‘मोरघार’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे.